भर दुपारची गोष्ट

वयाच्या विसाव्या वर्षी मी एक मूर्खपणा केला. बारा वर्षांच्या एका मुलाला, खिडक्या सताड उघड्या ठेवून, दुपारी अडीच वाजता गोष्ट सांगायला लावली.

यात मूर्खपणा कसला, असं तुम्ही म्हणाल. माझी नातवंडंही तेच म्हणतात. त्यांना समजावून सांगावं लागतं की आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नसत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. कुणाचा मामा? सांगणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, जो त्या वेळी रस्त्यावर सापडेल त्याचा. वाईला आमच्या घरीही ही समजूत होती आणि मला सख्खे पाच मामा. पाचांतला एकही कधी वाट चुकल्याचं मला आठवत नाही, जेवणाच्या वेळेला तर नाहीच नाही. तेव्हा माझा यावर विश्वास बसायचं काही कारणच नव्हतं. शिवाय पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचं सर्टिफिकेट माझ्या ट्रंकेत होतं. ट्रंकेत कसलं, डोक्यावरच होतं म्हणा. पदर मी त्याच्यावरून घेत असे.

आता मी सांगलीत लेकीकडे असते. शाळू दुधात भरला की जावयाच्या ओळखीचा एक शेतकरी कणसांची पेंढी आणून देतो. मागल्या अंगणात गोवऱ्या पेटतात, कणसं आरात खुपसली जातात, तळहातांवर चोळून हिरवेगार दाणे ताटात पडतात, बोटांना बारीक कूस लागून खाज सुटते. घरादाराच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मी उठून आत जाते. लेक म्हणते, आईला धूर सोसत नाही. मी तसं म्हणू देते. खरं कारण असं की तो हिरवा, गोडसर, किंचित जळका वास आला की मला भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांत बोटं घालून बसलेला एक मुलगा दिसतो. पंचावन्न वर्षं झाली. मी पंचाहत्तरीला टेकले, चष्मा बदलला, गुडघे बदलायचं चाललंय, आणि तो अजून बारा वर्षांचाच आहे.

महायुद्धाचा तो शेवटचा हिवाळा. साताऱ्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी, चुकलेल्या मुलांसाठी एक सुधारशाळा होती. गावात तिला पोरांचा तुरुंग म्हणत आणि गावाचंच खरं होतं. दगडी भिंत, लोखंडी फाटक, फाटकावर पहिल्या लढाईतून पेन्शनीत निघालेला एक म्हातारा हवालदार. शिकवणारे पुरुष सगळे लढाईच्या नोकऱ्यांत गेले म्हणून त्यांनी एका बाईला घेतलं. मला मात्र वाटलं, माझी कीर्तीच तिथवर पोचली.

तिथं शिकवायचं साहित्य म्हणजे एक पाटी, दोन खडू आणि साहेबांची छडी. आमचे सुपरिंटेंडेंट साहेब वाईट नव्हते. छडी ते टेबलावर ठेवत आणि सहसा तिथंच ठेवत. मी गेल्या गेल्या गावातल्या सुशिक्षित घरांना विनंती केली की मुलांसाठी पुस्तकं द्या. घरं उदार झाली. सात जुनी पंचांगं आली. कोर्टाच्या निकालांचा एक जाडजूड ग्रंथ आला, ज्यांना कोर्टानंच आत पाठवलं त्यांच्या करमणुकीला. गुरांच्या रोगांवरचं एक पुस्तक, तीन सूर मुके झालेली एक बाजाची पेटी आणि रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक. गुरांच्या रोगांवर मुलांनी झडप घातली. महिनाभर ती एकमेकांच्या जिभा ओढून तपासत होती, आणि साहेबांना लाळ्या झाल्याचं निदानही त्यांनी केलं. पेटीवर मी प्रार्थना बसवली. मुका सूर आला की तिथं मुलं टाळी वाजवत. देवाची अशी प्रार्थना दुसरीकडे कुठं झाली नसेल.

वेळापत्रक सिदूनं घेतलं.

सिदू खानापूरकडच्या माळावरचा, मेंढपाळांच्या घरातला. बाप नाही, आई मेंढरांमागं गावोगाव फिरणारी. धान्याच्या गोदामाची फळी जिथं तडकली होती तिथून त्यानं एक पोकळ बोरू आत सारला, पोत्यात खुपसला आणि खाली फडकं धरलं. जोंधळा आपोआप झरत राहिला. ट्रेनिंग कॉलेजात याला आम्ही पदार्थविज्ञान म्हणत होतो, मॅजिस्ट्रेटनी चोरी म्हटलं. फिरत्या बाईच्या हवाली मुलगा करता येत नाही, घरदार असलेला पुरुष येऊन जबाबदारी घेईल तर सोडू, असा त्यांचा हुकूम. तसा पुरुष एकच होता, आईचा धाकटा भाऊ, आणि तो पलटणीबरोबर ब्रह्मदेशात. त्याचं पत्र भाद्रपदात आलं होतं, कितीतरी आधी लिहिलेलं, सेन्सॉरची काळी पट्टी मिरवत. सुट्टी मिळाली तर हुरड्याला येतो, सिदूला घेऊन जातो, असं त्यात होतं. मॅजिस्ट्रेटनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली. तोवर मामा आला तर सिदू घरी. नाही आला तर लांबच्या मोठ्या शाळेत, सोळा वर्षांचा होईपर्यंत.

त्यामुळे त्याला वेळापत्रक हवं होतं. अक्षरं त्याला येत नव्हती, ती त्यानं स्टेशनांच्या नावांवरून दोन महिन्यांत काढली. पुण्याकडून मामा कसा येईल ते तो पाटीवर लिहायचा: नीरा, लोणंद, सालपे, आदर्की, वाठार, सातारा रोड. तिथं उतरायचं, सर्व्हिस मोटार धरायची, गावात यायचं. रोज लिहायचा आणि रोज पुसायचा. मी ती पाटी साहेबांना दाखवून माझ्या अध्यापन पद्धतीचं कौतुक करून घेतलं. मी त्याला एक काना शिकवला नव्हता.

गोष्टीचा तास ही मात्र खरोखर माझीच कल्पना. दिवेलागणीला मुलांना कोंडत. रॉकेल रेशनवर, रात्री दिवा नाही. म्हणून तास दुपारच्या जेवणानंतर. पहिल्याच दिवशी मी घसा साफ करून सुरुवात केली, तर तिसऱ्या रांगेतला हा मुलगा उठला, भिंतीपाशी गेला, तोंड फिरवून बसला आणि कानांत बोटं घातली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आता मागं वळून बघते तेव्हा मला कळतं की मला राग अंधश्रद्धेचा आला नव्हता. मी गोष्ट सांगत असताना कुणी कान झाकावेत, याचा आला होता. वाईच्या मुलींच्या शाळेत मला वक्तृत्वात दुसरा नंबर मिळाला होता. पहिल्या नंबरचाही राग मी अजून सोडलेला नाही.

मुलं त्याला चिडवत, सिदूचा मामा आंधळा म्हणून. मी त्याला समजावलं. शास्त्रीय पद्धतीनं, म्हणजे ज्यात समोरच्याचं ऐकून घ्यावं लागत नाही. लिंबू घेतलं, त्याभोवती कंदील फिरवला, पृथ्वी गोल कशी ते दाखवलं. म्हटलं, हे बघ, इथं दुपार असते तेव्हा जगात कुठंतरी रात्र असतेच. मग दिवसाची गोष्ट म्हणायची कुणाच्या दिवसाची? त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "व्हय बाई, त्यो आसंल तिथं रात आसंल. पर वाट तर हिकडचीच चुकायची न्हवं?"

मी लिंबू सरबताला दिलं.

हवालदारबाबांनी मला एकदा फाटकापाशी थांबवून सांगितलं होतं. हा पोरगा गोष्ट सांगतो बरं का बाई, रात्री कोंडल्यावर, अंधारात. सगळी पोरं चिडीचूप होतात. मी दाराला कान लावून ऐकतो आणि माझी बिडी विझून जाते. कुठून शिकला म्हणून विचारलं तर म्हणतो, मामा कळपाच्या राखणीला सांगायचा. हे सांगून ते पुढं म्हणाले, त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यानं आपलं काय बिघडतंय. मी त्यातलं पहिलं ऐकलं आणि शेवटचं सोडलं.

कारण समिती यायची होती. गावातले चार प्रतिष्ठित लोक वर्षातून एकदा शाळा बघायला येत, चहा पीत आणि शेरेबुकात शेरा लिहीत. मार्गशीर्ष सरत आला होता. भिंतीपलीकडच्या रानात हुरड्याच्या आगट्या लागलेल्या, धूर वर्गात येई आणि मुलांचे हात पाटीवरच थांबत. हवालदारबाबा फेट्याच्या शेवात बांधून मूठ-मूठ हुरडा आणत आणि आम्ही कुणीच तो पाहत नसू. सिदू आपल्या मुठीतला अर्धा खाई, अर्धा सदऱ्याच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवी. मामासाठी. मी त्याला ताजा हुरडा आणि शिळा हुरडा यांतला फरक समजावून सांगितला. तोही त्यानं लक्ष देऊन ऐकला.

समितीसमोर गोष्टीचा तास दाखवायचा आणि गोष्ट सिदूनं सांगायची, असं मी ठरवलं. तो नाही म्हणाला. मी रागावले नाही, मी त्याहून वाईट वागले. त्याला जवळ बसवून, पाठीवरून हात फिरवून सांगितलं, की हे मोठे लोक आहेत, यांचा शेरा मॅजिस्ट्रेट वाचतात. तू छान बोललास तर मामा आल्याबरोबर, एक दिवस न लावता सोडतील. नाही बोललास तर कोण जाणे. यातलं काही खरं नव्हतं. शेरेबुक कुणीच वाचत नसे, माझ्याशिवाय.

एकीकडे मामाच्या हातून होणारी सुटका, दुसरीकडे मामाची चुकलेली वाट. बारा वर्षांच्या मुलापुढं मी हे ठेवलं आणि रात्री शांत झोपले. दोन दिवस तो पाटीवर काही लिहीत नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, सांगतो.

समिती बसली. मी माझं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसले होते. सिदू पुढं आला, उभा राहिला, सगळीकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बाई, खिडक्या तरी लावा की."

मी हसले. पाहुण्यांकडे बघून हसले, लहान मुलांची गंमत असते ना तशी. म्हटलं, अरे, पाहुण्यांना तुझा चेहरा दिसायला नको का?

मग त्यानं डोळे मिटले. साधे नाहीत, गच्च, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. त्याला जेवढी रात्र करता येत होती तेवढी त्यानं केली. आणि तशा मिटल्या डोळ्यांनी त्यानं गोष्ट सांगितली. एका मेंढीची सावली भर माळावर हरवते. ती बाभळीला विचारते, माझी सावली पाहिलीस का? बाभळ म्हणते, माझीच मला पुरत नाही. ती विहिरीला विचारते, विहीर म्हणते, खाली वाकून बघ, पण वाकशील तर पडशील. मी पुष्कळ शिकलेले कथेकरी ऐकलेत पुढं, पण मेंढी विहिरीच्या काठावर वाकते तेव्हा समितीतल्या वकिलानं धरलेला चहाचा कप हवेतच राहिला होता, तसा कुणाचा राहिलेला मी पाहिला नाही. गोष्ट संपली तरी सिदूनं डोळे उघडले नाहीत. टाळ्या संपल्यावर उघडले आणि आधी खिडकीबाहेर बघितलं.

समितीनं शाळेला एक पृथ्वीचा गोल भेट दिला. माझ्याबद्दल शेरा लिहिला की नव्या बाई उत्साही आहेत आणि मुलांच्या मनातले खुळे समज दूर करीत आहेत. तो शेरा मी माझ्या वहीत उतरवून घेतला. ती वही मी पुढं जाळली. शेरा पाठ आहे.

संक्रांत आली. मुलांना तिळाच्या वड्या वाटल्या. सिदू सकाळपासून फाटकाशी, हवालदारबाबांच्या स्टुलाशेजारी. मोटारीचा आवाज आला की उठायचा. त्या दिवशी चार मोटारी आल्या आणि चारही पुढं गेल्या. संध्याकाळी त्यानं सदऱ्याची गाठ सोडली. आतले दाणे वाळून खड्यासारखे झाले होते. ते त्यानं एकेक करून चिमण्यांना टाकले. नुसतं माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मामा खरंच वाट चुकत असतील.

पाच-सहा दिवसांनी एक सरकारी पाकीट आलं. पलटणीकडून बहिणीच्या नावानं गावी गेलेलं. बहीण मेंढरांबरोबर कुठं असेल कोण जाणे म्हणून गावच्या पाटलानं भाच्याच्या पत्त्यावर पाठवून दिलं. साहेबांनी इंग्रजी वाचून मला अर्थ सांगितला. बेपत्ता. मारला गेल्याचा समज. आणि तारीख होती श्रावणातली.

ती तारीख ऐकून मला काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण या वयात लाज कशासाठी जपून ठेवायची? मला आनंद झाला. श्रावण. म्हणजे माझ्या गोष्टीच्या तासाच्या किती आधी. मी सुटले होते. आणि मला वाटलं, सिदूही सुटला. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्यापुढं ठेवलं, बातमी सांगितली, आणि पेन्सिल हातात देऊन त्याला मोजायला लावलं. श्रावणातल्या त्या दिवसापासून समितीच्या दिवसापर्यंत किती दिवस? त्यानं मोजले. बरोबर मोजले. मी म्हटलं, बघितलंस? तू गोष्ट सांगितलीस त्याच्याशी याचा काही संबंध नाही. तो तर आधीच गेला होता.

सिदू पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "म्हंजी मी पाटीवर लिवत हुतो तवा त्यो कुटल्याच गाडीत न्हवता."

मी म्हटलं, नव्हता. गणिताचं बरोबर उत्तर आल्यावर शिक्षक म्हणतात तसं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गोष्टीच्या तासाला तो भिंतीकडे गेला नाही. पहिल्या रांगेत येऊन बसला, हात मांडीवर ठेवून, कान उघडे टाकून, माझ्या तोंडाकडे बघत. महिनोन्‌महिने मी ज्यासाठी धडपडले ते मला मिळालं होतं. मी दोन वाक्यं बोलले आणि पुढचं मला आठवेना. त्या कानांवर आता पहारा नव्हता, कारण राखायला आत कुणी उरलं नव्हतं. जो वाट चुकतो तो कधीतरी सापडू शकतो, एवढी साधी गोष्ट मला ट्रेनिंग कॉलेजात कुणी शिकवली नव्हती, आणि सिदूला ती शिकवावी लागलीच नव्हती. मी ती पुसून टाकली होती, कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन.

पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. मोठ्या शाळेला मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि ती नोकरी सुटली. मी इतर शाळांतून पुष्कळ वर्षं शिकवलं, वाचनालयं काढली, पेट्या भरभरून पुस्तकं गोळा केली, आणि एकाही वर्गात दुपारी गोष्ट सांगितली नाही. मुख्याध्यापिका झाल्यावर वेळापत्रकच माझ्या हातात आलं, तेव्हा दुपारी हस्तकला ठेवली. लोक म्हणत, बाई शिस्तीच्या. अजूनही मिरजेच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला, की जावई हॉर्न वाजवतो आणि मी काच खाली करून कळपामागच्या म्हाताऱ्यांची तोंडं बघते. पंचाहत्तरीच्या बाईनं परक्या पुरुषांकडे असं टक लावून बघू नये, असं लेक म्हणते. एकानं तर मला डोळा घातला. तो सिदू नसावा.

सिदूला मोठ्या शाळेत न्यायच्या आदल्या दिवशी त्याची आई आली. कुणाकडून तरी निरोप पोचला होता की मुलाला लांब नेणार. कऱ्हाडच्या अलीकडं कळप दुसऱ्यांच्या हवाली करून ती चालत आली होती. उंच, काळी, कपाळावर गोंदण, पायांवर धुळीचे मोजे. भावाच्या कागदाचं तिला काही ठाऊक नव्हतं. ते तिला सांगणं माझं काम होतं, आणि ते मी मुलावर ढकललं. म्हटलं, सिदू, तू आता मोठा आहेस, आईला तूच सांग. याला मी तेव्हा मुलांवर जबाबदारी टाकणं म्हणत असे.

दोघं आवारातल्या चिंचेखाली बसली. मी ओसरीवर, तो कागद मांडीवर घेऊन, तिला नीट वाचून दाखवायच्या तयारीत. कॅलेंडरही घेतलं होतं. लांबून ऐकू काही येत नव्हतं. मुलगा बोलत होता, मान खाली घालून. मग आईनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि किती तरी वेळ नुसती थोपटत राहिली. तिच्या रडण्याचा आवाज येईल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. तो आला नाही. तासाभरानं ती उठली, लुगड्याची धूळ झटकली, ओसरीच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली. मी कागद उलगडायला घेतला. तिनं कागदाकडे बघितलंही नाही.

ती म्हणाली, "बाई, सिदूनं मला समदं सांगिटलं. दिवसाढवळ्या गोष्ट सांगिटली म्हनं त्येनं, आन् माझा भाऊ वाट चुकला. लय रडतंय. मी म्हनलं, आरं, मेंढरामागं वाढल्याला गडी त्यो, चुकला तर चुकला, हुडकत हुडकत येतोय. पर त्येला पटंना. तुमचं आयकतंय त्ये. तेवढं तुमी त्येला सांगा, आय रागावली न्हाई म्हून."